गोल्डऐवजी सिल्व्हर का मिळाले: आपल्या एक-तारा अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आपल्या तीन तक्रारी आहेत: लीड या हरित इमारतींच्या प्रमाणपत्रात गोल्ड दर्जा सांगून सिल्व्हर मिळाला, नव्या ऑफिसचे वीजबिल जुन्या ऑफिसपेक्षा कमी आले नाही, आणि लो-व्हीओसी (हवेत उडणारी रसायने कमी असलेला) रंग लावूनही चार महिने वास जात नाही. पहिल्या तक्रारीत आमचाही दोष आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लीडच्या चौथ्या आवृत्तीत ११० पैकी ६० गुणांपासून गोल्ड, ५० ते ५९ सिल्व्हर. आपली इमारत ५७ वर थांबली. आमच्या तक्त्यात बरोबर ६० गुण धरले होते. एक जरी गळाला तरी गोल्ड गेले. परीक्षणात काही गुण गळणार हे गृहीत धरून पाच-सहा गुण जास्तीचे ठेवायला हवे होते. ते ठेवले नाहीत, आणि पहिल्या बैठकीत हा धोका स्पष्ट सांगितलाही नाही.

आता ते तीन गुण. पहिला राडारोड्याचा. ७५ टक्के कचरा चार प्रकारांत वेगळा करून पुनर्वापराला पाठवला तर दोन गुण, ५० टक्के आणि तीन प्रकार असतील तर एक. लोखंड, लाकूड, पुठ्ठा, काँक्रीट सगळे वेगळे होत होते, पण शेवटच्या दोन महिन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या कंत्राटदाराने दिल्या नाहीत. पावती नाही, तर माल कुठे गेला याला पुरावा नाही. दुसरा गुण ऐनवेळी वाढवलेल्या कपाटांत गेला: त्या प्लायला फॉर्मल्डिहाइडचे (प्लायच्या गोंदातून हवेत सुटणाऱ्या उग्र वायूचे) चाचणी प्रमाणपत्रच नव्हते.

तिसरा फ्लश-आउटचा, म्हणजे ताज्या हवेने इमारत धुऊन काढण्याचा, आणि हाच सर्वांत चटका लावणारा. काम संपल्यावर, माणसे येण्याआधी, दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा इमारतीतून फिरवायची असते. तीही आतले तापमान १५ ते २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवून. आपल्या यंत्रणेची ताज्या हवेची क्षमता चौरस फुटाला मिनिटाला ०.३ घनफूट, म्हणजे दिवसाला ४३२. या वेगाने पूर्ण फ्लश-आउटला सुमारे ३२ दिवस लागतात. घाई असेल तर ३,५०० घनफूट झाल्यावर आत जाता येते आणि उरलेले काम ऑफिस सुरू असताना पुरे करता येते. आपण आठ दिवसांनी ताबा घेतलात. आठ दिवसांचे होतात ३,४५६. अडीच तास कमी पडले! हवेची चाचणी हा या गुणाचा दुसरा मार्गही माणसे येण्याआधीचाच, त्यामुळे अभिप्रायातली ‘फ्लश-आउट आता पुन्हा करा’ ही आपली सूचना नियमात बसत नाही. राहिलेल्या पावत्या मिळवून अपील केले तरी फार तर ५८ होतील, म्हणजे सिल्व्हरच. त्यासाठी अपिलाचे शुल्क भरू नका, असेच आम्ही सांगू.

वीजबिलाचे मात्र वेगळे आहे. अहवालातली २४ टक्के बचत आपल्या जुन्या ऑफिसशी तुलना करून काढलेली नाही. ॲशरे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जावापराच्या मानकाच्या किमान अटी पाळणारी, याच आकाराची, याच वेळात चालणारी एक कागदावरची इमारत घेतात आणि तिच्याशी तुलना होते. या तुलनेच्या सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या हिशेबात) एसी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ आणि २४ अंशांवर धरला होता. आपल्याकडे तो २१ वर आहे आणि एएचयूचा (हवा थंड करून खोल्यांत ढकलणाऱ्या यंत्राचा) टायमर हाताने बंद करून ठेवला आहे, म्हणजे पंखे रात्रभर चालतात. टायमर आधी सुरू करा. मग वीजमीटरची दर १५ मिनिटांची नोंद महिनाभर काढा आणि रात्री २ ते ४ चा भार पाहा. सर्व्हर सोडून जे उरते ते वाया जाते आहे. बाहेरच्या हवेचे डॅम्पर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) पूर्ण उघडे अडकलेत का तेही बघा. कार्बन डायऑक्साइड सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला की ते गरज नसताना उघडेच राहतात.

वासाचा संशय रंगावर नको. रंगाचा वास लवकर ओसरतो. त्याच वाढीव कपाटांच्या उघड्या कापलेल्या कडांतून फॉर्मल्डिहाइड महिनोन्महिने निघते, उकाड्यात आणि दमट हवेत जास्त. कडांना एज-बँडिंग करून (पट्टी चिकटवून) घ्या, मागच्या आणि खालच्या बाजूही सील करा, आणि काही आठवडे ऑफिस उघडण्याआधी तीन तास ताजी हवा चालू ठेवा. सुगंधी फवारे नकोत, त्यांनी हवेत आणखी रसायनेच मिसळतात.

करारातली दहाव्या महिन्याची कमिशनिंग तपासणी (यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का याची पाहणी) आम्ही आताच करून देतो, वेगळे शुल्क न घेता. येताना डॅम्पर आणि सेन्सर तपासायची उपकरणे आणू. आपण १५ मिनिटांच्या नोंदींची फाइल तयार ठेवा.