‘सगळ्या यंत्रणा मोडा, एकच दल करा’ : दर नोव्हेंबरात फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

नोव्हेंबर लागला की एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअॅपच्या गटागटांतून फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. २६/११ ची खबर एका यंत्रणेकडे होती, तिने दुसरीला दिली नाही, म्हणून मुंबई बेसावध सापडली. त्यानंतर नुसत्या समित्या झाल्या. अमेरिकेने ९/११ नंतर सगळ्या यंत्रणा एका खात्यात आणल्या आणि तिथे पुन्हा हल्ला झाला नाही. आपल्याकडे तसं होत नाही ते राज्यांच्या अहंकारामुळे. तेव्हा आयबी (केंद्राची गुप्तवार्ता यंत्रणा), एनआयए (केंद्राची राष्ट्रीय तपास यंत्रणा), एटीएस (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) सगळं मोडा आणि देशभरासाठी एकच दल उभारा. आणि शेवटी नेहमीची ओळ, खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा.

यातला राग खरा आहे. पण त्या रागाला जोडलेली माहिती बरीचशी चुकीची आहे, आणि तिच्यावरून सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो.

पहिला दावा खबर न दिल्याचा. खबर दिली होती, आणि तेच जास्त बोचणारं आहे. हल्ल्याआधीच्या महिन्यांत मुंबईतली मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, हल्लेखोर समुद्रातून येऊ शकतात, अशा अर्थाचे इशारे राज्यापर्यंत पोहोचले होते. ताजच्या दारात बंदोबस्त वाढवलाही गेला होता आणि हल्ल्याआधी तो सैलही झाला होता. खुद्द रतन टाटांनी हल्ल्यानंतरच्या मुलाखतीत हे सांगितलं. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीलाही हेच दिसलं की इशारे येत होते, पण त्यांची छाननी करून पुढे नेमकं काय करायचं याची घडी विस्कटलेली होती. आलेल्या कागदावर तारीख नाही, वेळ नाही, नेमकी जागा नाही. असे कागद आठवड्याला किती येतात याचा अंदाज पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाला असतो. प्रत्येकावर पूर्ण बंदोबस्त लावायचा तर मनुष्यबळ पुरत नाही, आणि एखाद्यावर नाही लावला तर नंतर चौकशी. माहिती वरून खाली आली होती. ती आल्यावर कोणी, किती दिवस, कुठली माणसं लावून काय करायचं हे कुणाच्याच नावावर चढलेलं नव्हतं. एका दलात सगळ्यांना कोंबल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण एका दलातही वरचा कागद खालच्या टेबलावर पडून राहू शकतोच.

‘फक्त समित्या झाल्या’ हे तर वर्तमानपत्र चाळणाऱ्यालाही पटू नये. मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे मॅक, निरनिराळ्या यंत्रणांनी आपापली खबर एकमेकींना द्यायचं केंद्र, कारगिलनंतर २००१ मध्ये कागदावर आलं होतं. ते चोवीस तास चालू लागलं ते २६/११ नंतर. एनआयएचा कायदा संसदेने डिसेंबर २००८ मध्ये केला. हल्ल्याच्या रात्री एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, कमांडो हरयाणातल्या मानेसरहून निघून मुंबईत पोहोचेपर्यंत सकाळ उजाडली होती. २००९ मध्ये मुंबईसह चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे एनएसजीचे तळ झाले. राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं. हे सगळं पुरेसं झालं का, हा वेगळा प्रश्न. सरकारी माहितीसाठे तपास यंत्रणांसाठी एकत्र जोडणारी नॅटग्रिडसारखी योजना वर्षानुवर्षं रखडली, आणि मॅकचं सुरक्षित जाळं दुर्गम भागांतल्या जिल्हा पोलीस अधीक्षकांपर्यंत नेल्याचं केंद्राने सांगितलं ते २०२५ मध्ये. इतकी वर्षं का लागली, असं विचारायला हवंच. पण ‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण काय झालं हेच त्याला ठाऊक नसतं.

किनाऱ्याचं उदाहरण मुद्दाम जरा खोलात बघू, कारण ‘एकच प्रमुख नेमा’ या उपायाची परीक्षा तिथे होऊन गेली आहे. २००९ पासून समुद्री सुरक्षेची एकंदर जबाबदारी, किनाऱ्यासकट, नौदलाकडे आहे. किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीसाठी तटरक्षक दल, उथळ पाण्यात सागरी पोलीस, मुंबईत संयुक्त कार्यकक्ष, आणि वर कॅबिनेट सचिवांची राष्ट्रीय समिती. म्हणजे साखळी होती, वर माणूसही होता. तरी ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचं बेवारस जहाज ओमानकडून वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. तीन स्तरांच्या पहाऱ्यातून. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती. होडी नव्हे, जहाज!

त्यानंतर रडार बसली, गुरुग्रामला २०१४ मध्ये सगळ्या किनाऱ्याचं चित्र एका पडद्यावर आणणारं केंद्र सुरू झालं, किनारा सुरक्षेच्या ‘सागर कवच’ या संयुक्त कवायती नेमाने होऊ लागल्या. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. दहीहंडीच्या तोंडावर सगळं रायगड हादरलं. तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, खलाशांना कोरियन युद्धनौकेने वाचवलं, बोट मात्र भरकटत इकडे आली. दहशतवादाचा धागा दिसत नाही. सुटकेचा निःश्वास टाकला सगळ्यांनी. पण ती बोट जवळजवळ दोन महिने समुद्रात होती, आणि तिची पहिली दखल घेतली गेली ती किनाऱ्यावर. रडारला मोठं जहाज दिसतं, लहान बोट हजारो मासेमारी नौकांच्या गर्दीत हरवते. वीस मीटरपेक्षा लहान नौकांवर ओळख सांगणारं यंत्र बसवण्याचं काम म्हणूनच इतकं महत्त्वाचं, आणि म्हणूनच इतकं रेंगाळलेलं: नौका भरपूर, मालक छोटे, खर्च कुणी करायचा याचा वाद वेगळा. शिवाय सागरी पोलीस ठाण्यात बदलीवर आलेल्या शिपायाला समुद्र लागत असेल तर नवीकोरी गस्ती बोटही धक्क्यालाच बांधलेली राहते. दिल्लीत एक दल केल्याने श्रीवर्धनच्या ठाण्यातला हा प्रश्न कसा सुटतो, हे त्या संदेशात कुठेच लिहिलेलं नाही.

आता अमेरिका. या संदेशाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे आणि पायाच कच्चा आहे. २००३ मध्ये तिथे बावीस सरकारी यंत्रणा एकत्र करून होमलँड सिक्युरिटी खातं झालं हे खरं. पण देशांतर्गत तपास करणारी एफबीआय त्यात नाही, ती न्याय खात्याकडेच राहिली. परदेशी हेरगिरी करणारी सीआयए नाही. संदेश टिपणारी एनएसए संरक्षण खात्याकडे. म्हणजे दहशतवादाचा माग काढणाऱ्या मुख्य यंत्रणाच त्या ‘एका छत्रा’बाहेर आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसचे पोलीस आजही आपापल्या शहराचे. त्यांना जोडणारी जी रचना आहे ती एफबीआय आणि स्थानिक पोलिसांच्या संयुक्त पथकांची, आणि त्यातलं पहिलं पथक न्यूयॉर्कला १९८० मध्येच झालं होतं, ९/११ च्या एकवीस वर्षं आधी. तरीही ९/११ झालं.

आणि पुन्हा हल्ला झाला नाही? २००९ ला टेक्ससमध्ये फोर्ट हूडच्या लष्करी तळावर तेरा जण मारले गेले. त्याच वर्षी नाताळात डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रातला बॉम्ब उडवायचा प्रयत्न केला. त्याच्या स्वतःच्या वडिलांनी नायजेरियातल्या अमेरिकी दूतावासात जाऊन आधीच सावध केलं होतं. माहिती जोडण्यासाठीच उभारलेलं राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र तेव्हा पाच वर्षांचं झालं होतं. बॉम्ब नीट पेटला नाही आणि प्रवाशांनी झडप घातली म्हणून विमान वाचलं. २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो, चौदा मृत्यू. २०१६ मध्ये ऑर्लँडो, एकोणपन्नास.

एप्रिल २०१३ चं बोस्टन तर आपल्या विषयाला चपखल बसतं. मॅरेथॉनमध्ये स्फोट घडवणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याबद्दल रशियाने एफबीआयला २०११ मध्येच कळवलं होतं. एफबीआयने त्याची विचारपूस केली, काही सापडलं नाही, फाईल बंद केली. बोस्टन पोलिसांची माणसं संयुक्त पथकात बसलेली होती, तरी शहराचे पोलीस आयुक्त एड डेव्हिस यांनी संसदीय समितीपुढे सांगितलं की ही बाब आपल्या खात्याला कळलीच नव्हती. एका खोलीत बसवलं म्हणून माहिती वाटली जातेच असं नाही. हे अमेरिकेने पैसा आणि माणसं गमावून शिकलेलं आहे. आपण त्यांची यशोगाथा म्हणून तेच पुढे ढकलतो.

राज्यांच्या अहंकाराचा मुद्दा थोडक्यात. ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे विषय घटनेने राज्यांना दिले आहेत, कुणा मुख्यमंत्र्याने ते हिसकावलेले नाहीत. फेब्रुवारी २०१२ मध्ये पी. चिदंबरम यांच्या केंद्रीय गृहखात्याने अमेरिकेच्या धर्तीवरच्या राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा आदेश काढला तेव्हा विरोध करणाऱ्यांत नरेंद्र मोदी, ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता, नितीश कुमार सगळे होते. एवढ्या वेगवेगळ्या पक्षांच्या माणसांना एकाच वेळी अहंकाराने झपाटलं असेल असं मला वाटत नाही. आक्षेप नेमका होता. अमेरिकेतलं केंद्र माहिती जुळवतं, कुणाला अटक करत नाही. आपलं केंद्र मात्र आयबीत बसणार होतं आणि त्याला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली झडतीचा आणि अटकेचा अधिकार मिळणार होता. गुप्तपणे माहिती गोळा करणाऱ्यालाच पकडण्याचा अधिकार, तोही संसदेत चर्चा न होता, निव्वळ आदेशाने. त्याला विरोध व्हायलाच हवा होता. २०१४ नंतर दिल्लीतलं सरकार बदललं, तरी ते केंद्र काही परत आलं नाही.

बरं, राज्य अडून बसलं तर केंद्र सरकारला मार्ग नाही असंही नाही. एनआयए कायद्यानुसार केंद्र स्वतःहून गुन्हा वर्ग करून घेऊ शकतं. जानेवारी २०२० मध्ये एल्गार परिषदेचा तपास पुणे पोलिसांकडून असाच एनआयएकडे गेला, आणि तेव्हाच्या राज्य सरकारची नाराजी काही तो थांबवू शकली नाही.

राहिला शेवटचा उपाय, सगळं मोडून एक दल. इथे मालेगाव आठवावं. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत एटीएसने नऊ जणांना पकडलं. सीबीआयकडे तपास गेला, दिशा फारशी बदलली नाही. पुढे तो एनआयएकडे आला आणि चित्रच उलटलं, संशयित दुसरेच निघाले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केलं. जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांतही एटीएसने एक कट मांडला होता, तर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पकडलेल्या इंडियन मुजाहिदीनच्या लोकांच्या जबाबांतून वेगळीच हकिकत पुढे आली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. म्हणजे वाद संपलेला नाही. पण दुसरी यंत्रणाच नसती तर पहिलीच्या मांडणीवर शंका घ्यायला जागा कुठे उरली असती? तपासातली चूक फक्त निरपराध माणसाची वर्षं खात नाही, खरा गुन्हेगार तेवढी वर्षं मोकळा फिरतो. यंत्रणांमधली ओढाताण त्रासाची असतेच. २०१२ मध्ये दिल्ली पोलिसांचं विशेष पथक आणि आपलं एटीएस एका माणसावरून उघड भांडले: एकाचा खबऱ्या, दुसऱ्याचा आरोपी. असं भांडण मिटवायला वर कुणीतरी ठामपणे बोलणारं हवं, याबद्दल मी त्या संदेशकर्त्याशी सहमत आहे. त्यासाठी एक सोडून बाकी सगळ्या यंत्रणा बंद करायची गरज मला दिसत नाही.

आणि पुढे पाठवण्याबद्दल. त्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत रबरी बोटीतून उतरलेल्या अनोळखी पोरांना कोळी बांधवांनी हटकलं होतं, ‘कोण तुम्ही, कुठून आलात’ म्हणून. उडवाउडवीचं उत्तर मिळालं. आता त्यासाठी क्रमांक आहेत: सागरी पोलिसांचा १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्यावरच्या किती घरांत ते ठाऊक आहेत, आणि रात्री दहा वाजता फोन केला तर पलीकडून मराठीत कोण बोलतं, हे आपापल्या गावात एकदा विचारून बघा. पुढे पाठवायचंच असेल तर ते उत्तर पाठवा.