नाचणारी मासोळी

अकरा वर्षांपूर्वी मी मटण सोडलं. नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या सावजी घरात राहून मटण सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना नाही कळायचं. आत्याने देवऋषी सुचवला. काकांना मुलीचं प्रकरण वाटलं. मी ढिम्म. मुक्या जिवांचा प्रश्न आहे, म्हटलं.

हा बाणा घेऊन ऑफिसच्या कामाने ओसाकाला गेलो. घरमालकीण सत्तरीच्या आजी. त्यांना मोबाइलवर भाषांतर दाखवलं, मी मांस खात नाही. आजी म्हणाल्या, 'हाय, हाय.' म्हणजे हो, हो. मी निर्धास्त. जपानीत 'निकु' म्हणजे मांस आणि त्यात मासा बहुधा धरतच नाहीत, हे मला कोण सांगणार?

चौथ्या रात्री आजींनी खास माझ्यासाठी ओकोनोमियाकी केलं. पत्ताकोबीचं जाडजूड धिरडं समजा. डुकराच्या मांसाचे काप आठवणीने वगळलेले. वरून मात्र त्यांनी कागदासारखा पातळ, तपकिरी कीस भुरभुरवला आणि तो हलायला लागला. खरंच. वाफेवर एकेक पापुद्रा विसर्जनाच्या मिरवणुकीत असल्यासारखा नाचत होता. कात्सुओबुशी! बोनिटो मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा वाळवायचा आणि रंध्यावर किसायचा. अकरा वर्षं ज्यांची बाजू घेतली, त्यांच्यातलाच एक ताटातून हात हलवून ओळख दाखवत होता.

आजींनी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं आणि दुखऱ्या गुडघ्यांसकट कमरेत वाकल्या. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, त्यात घास गेला.

रात्री अपराधी मनाने गूगल उघडलं, तर आणखीच पंचाईत. पहिल्या दिवसापासून मी वाटी वाटी मागून घेत होतो, त्या मिसो सूपचा पायाच दाशी. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि हाच कीस उकळून केलेली. म्हणजे नाचणाऱ्याची मला लाज आणि बुडालेल्याचे मी भुरके मारत होतो! (बौद्ध मठांत दाशी कोंबू आणि शिताके मशरूमची करतात. हे तिकीट काढण्यापूर्वीही वाचता आलं असतं.)

घरी आल्यावर आईला सगळं सांगून टाकलं. चूक झाली तिथेच.

"काऊन रे, माह्या हातचं मटण नाही चालत, अन् त्या बाईची मासोळी चालते?"

"अगं, ती इतकी वाकली, नाही कसं म्हणू?"

आई काही बोलली नाही. रविवारी तिने सावजी रश्श्याची वाटी माझ्यापुढे ठेवली, पदर खोचला, कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.