चार्टिस्टांच्या सह्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार्टिस्टांनी, म्हणजे ‘पीपल्स चार्टर’ ही सहा मागण्यांची सनद घेऊन लढणाऱ्या ब्रिटनमधल्या कामगार चळवळीने, मतदानाच्या हक्कासाठी ब्रिटिश संसदेकडे 1839, 1842 आणि 1848 साली अर्ज नेले, तिन्ही वाया गेले, शेवटच्यात तर व्हिक्टोरिया राणीची बोगस सही निघाली, मग या फसलेल्या उद्योगाचं एवढं कौतुक कशाला?

आधी माझी चूक. लेखात मी 1848च्या अर्जावर ‘सत्तावन्न लाख सह्या’ असं बेधडक लिहिलं होतं. तो चार्टिस्टांचे नेते आणि खासदार फर्गस ओ'कॉनर यांचा दावा. कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, समितीने मोजल्या 19,75,496. ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण ती मोजणीही बघा. अर्ज 10 एप्रिलला दाखल झाला, 13 तारखेला अहवाल सभागृहापुढे आला. 13 कारकून सतरा तासांहून थोडा जास्त वेळ बसले होते. भागाकार केला तर एकेका कारकुनाला तासाला जवळजवळ नऊ हजार सह्या येतात, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच! इतक्या वेळात एवढी मोजदाद होणं शक्य नाही, अशी हरकत ओ'कॉनर यांनी तिथेच घेतली होती.

बोगस नावं होतीच, ते मी नाकारत नाही. मात्र ‘पानंच्या पानं एकाच हस्ताक्षरात’ हा समितीचा आक्षेप मला पटत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव दुसराच कुणीतरी लिहिणार. आपल्या जुन्या दस्तांत कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असायची आणि नाव लिहिणारा हात दुसऱ्याचा. म्हणून तो कुणबी खोटा ठरत नाही.

‘1842 साली विधेयक पडलं’ असं तुम्ही लिहिलंय, तेही तसं नाही. तेव्हा विधेयक नव्हतंच. 33 लाखांवर सह्यांचं ते भेंडोळं इतकं अवाढव्य होतं की कॉमन्सच्या दारातून आत जाईना. शेवटी सुटं करून आत नेलं आणि जमिनीवर ढीग घातला. दुसऱ्या दिवशी अर्ज मांडणारे खासदार डंकोम्ब यांनी मागितलं ते एवढंच, की अर्जदारांना सभागृहासमोर येऊन बोलू द्या. बाजूने 49, विरोधात 287. विरोधात बोलणाऱ्यांत मेकॉले होते, आपल्या शिक्षणाच्या इतिहासातले तेच. सार्वत्रिक मताधिकार आणि सुसंस्कृत समाज एकत्र नांदूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेहतीस लाख लोकांचं ऐकूनसुद्धा घ्यायचं नाही, हे वाचताना मला आजही संताप येतो. हा दोष अर्जदारांच्या माथी कसा मारायचा?

आणि ‘काहीच हाती लागलं नाही’ म्हणाल, तर सहा मागण्यांपैकी खासदारकीसाठीची मालमत्तेची अट 1858 साली गेली, गुप्त मतदान 1872 साली आलं, खासदारांना पगार 1911 साली सुरू झाला. दरवर्षी निवडणूक मात्र कधीच आली नाही. या सुधारणा केवळ त्या अर्जांमुळे झाल्या असा माझा दावा नाही.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. 1848च्या त्याच समितीने नोंदवलंय की दर एक लाख सह्यांमागे 8,200 बायकांच्या होत्या. समितीचाच आकडा धरला तरी त्या एक लाख साठ हजारांच्या घरात जातात. सनदेत मताधिकार मागितला होता फक्त पुरुषांसाठी. ज्या हक्कात आपला वाटा नाही, त्यासाठी या बायकांनी नावं घातली. ‘फसलेला उद्योग’ म्हणताना त्यांचीही नावं त्यात येतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.