आधी लेकीचा भात आणा हो!

हॉटेलात बसल्या बसल्या मी पहिलं वाक्य हेच म्हणते, "दादा, आधी लहानीचा दाल-राईस आणा, अजिबात तिखट नको. आमचं मागाहून आलं तरी चालेल." दादा मान डोलावतात. आणि मग ४० मिनिटांनी सगळ्यांचं पनीर, रोट्या, बिर्याणी आली तरी दाल-राईसचा पत्ता नसतो! तोवर अडीच वर्षांची लेक रडून रडून लालबुंद.

कालही पुण्यात हेच झालं. वर त्या डाळीवर लाल मिरचीची फोडणी. म्हणे, "मॅडम, तिखट नाहीये, नुसता तडका आहे." अहो, एका घासात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! जीभ बाहेर काढून हुंदके देत बसली. शेवटी दही मागवून भात कालवला, त्याचे वेगळे ६० रुपये लावले.

लहान मुलांच्या खुर्चीचा पट्टा तुटलेला, म्हणून माझ्या ओढणीने तिला बांधलं. आणि वाफाळतं सूप थेट तिच्या डोक्यावरून पलीकडे देतात! सांडलं असतं तर?

त्यात शेजारच्या टेबलावरून सल्ला, "मोबाइल द्या ना हातात, गप बसेल." दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एका तासाहून जास्त स्क्रीन नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. आणि माझी पोर कंटाळली नव्हती हो, भुकेली होती! वाटीभर गरम भात आणि बिनफोडणीची डाळ आधी आणून द्यायला कितीसा वेळ लागतो?