किमतीवरची चांदणी

सुपरकारबद्दलची अफवा खोटी पाडायला मला दहा मिनिटं पुरतात. कंपनीने स्वतः छापलेल्या किमतीचा छडा लावायला मात्र अख्खा रविवार जातो, आणि संध्याकाळी जो आकडा हाती लागतो त्याच्या खांद्यावर तरीही एक चांदणी बसलेली असते. तिचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्यांना ही गाडी घ्यायची असते ते किंमत विचारत नाहीत. त्यामुळे ते काम आमच्यासारख्या कधीच न घेणाऱ्यांच्या गळ्यात पडतं.

अफवांचं बरं असतं. सकाळी फोनवर एक फोटो येऊन पडतो, खाली लिहिलेलं असतं: "आतल्या गोटातली बातमी, पुढच्या वर्षी येतेय." पहिल्यांदा आरसे बघायचे. संगणकावर गाड्या रंगवणाऱ्या कलावंतांना बाजूचे आरसे आवडत नाहीत. ते एकतर नसतातच, नाहीतर ब्लेडच्या पात्याइतके बारीक असतात. मग टायर. खऱ्या टायरला बाजूची भिंत असते, चित्रातल्या टायरला रिमभोवती नुसतं काजळ घातलेलं असतं. मग दाराची फट शोधायची. दार उघडायचं तर फट लागते, आणि ती थेट चाकाच्या कमानीत घुसून चालत नाही. शेवटी नंबरप्लेट कुठे लावणार ते बघायचं. एवढ्यावर बहुतेक पुड्या सुटतात आणि आत काही नाही हे कळतं.

उरलेला एखादा फोटो खरा निघतो. काळ्या-पांढऱ्या भोवऱ्यांचं विनाइल गुंडाळलेली गाडी जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर पळताना कुणीतरी झाडीत दबा धरून टिपलेली असते. भोवरे असतात ते कडा आणि सावल्या डोळ्याला कळू नयेत म्हणून, आणि त्यांच्या खाली फोमचे उंचवटे चिकटवलेले असतात. तेव्हा अशा फोटोवरून आकारावर वाद घालणाऱ्याला मी हात जोडतो. बघायचं ते जे झाकता येत नाही: एक्झॉस्ट कुठून निघतो, ब्रेकची डिस्क केवढी आहे, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती, हवा आत घ्यायला भोकं कुठे ठेवलीत. गाडीवर पिवळा स्टिकर दिसला तर आत जादा व्होल्टेजची बॅटरी आहे असं समजायला हरकत नाही. अपघात झालाच तर मदतीला धावणाऱ्यांना कळावं म्हणून तो लावतात.

कधी कधी तर अंगावरचे कपडेच उसने असतात. लाफेरारीचे सुरुवातीचे नमुने फेरारीच्याच ४५८ या गाडीच्या कवचात फिरत होते. मॅक्लारेन एफ१ चे भाग तर अल्टिमा नावाच्या किट कारमध्ये बसवून तपासले. त्या दोन गाड्यांची नावं अल्बर्ट आणि एडवर्ड. जगातली सर्वांत वेगवान गाडी समोरून गेली आणि बघणाऱ्याला वाटलं, कुणीतरी हौशी माणसाने घरी जोडलेली दिसतेय.

नाव नोंदवलं म्हणजे गाडी आली, ही आणखी एक लाडकी समजूत. जुनी नावं दुसऱ्याने पळवू नयेत म्हणूनही कंपन्या ती नोंदवत राहतात. त्यापेक्षा अमेरिकेत व्हीआयएनचा, म्हणजे प्रत्येक गाडीच्या ओळख क्रमांकाचा, अर्थ लावायला सरकारकडे जे कागद द्यावे लागतात ते चाळावेत. तिथे इंजिन लिहावं लागतं.

या सगळ्या शिस्तीवर पाणी ओतलं ते अमेरिकेतल्या शेवरलेच्या कॉर्व्हेटने. इंजिन मधोमध असलेली कॉर्व्हेट येणार, ही बातमी १९६० च्या दशकापासून फिरत होती. झोरा आर्कुस-डंटोव्ह हे तिचे अभियंते त्यासाठी हटून बसले होते. १९७० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२ नावाचा तसा नमुना दिसला, १९८६ साली कॉर्व्हेट इंडी, १९९० साली सर्व्ह-३. दर वेळी "आता नक्की". डंटोव्ह १९९६ साली गेले, अफवा मागे राहिली. आणि १८ जुलै २०१९ रोजी गाडी खरोखरच आली. एक अफवा खरी ठरली आणि बाकीच्या हजारोंना जामीन मिळाला. आता कुणाला "हे शक्य नाही" म्हणायची सोय नाही. उत्तर तयार असतं, "कॉर्व्हेटबद्दलही असंच म्हणायचात."

तारखांच्या बाबतीत कंपन्यांना अफवा पसरवणाऱ्यांची गरज भासत नाही. टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली, २०२० साल सांगितलं, दोन लाख डॉलर सांगितले. २०२० आलं आणि गेलं, गाडी आली नाही. मर्सिडीज-एएमजीने फॉर्म्युला वनच्या इंजिनाची गाडी २०१७ साली फ्रँकफर्टला मांडली आणि उत्पादन सुरू झालं २०२२ मध्ये. इथे निदान कारण पटण्यासारखं होतं. ते १.६ लिटरचं इंजिन सिग्नलला उभं राहण्यासाठी जन्मलेलंच नाही. त्याला नुसतं घुरघुरायलासुद्धा मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे लागतात. त्याला बाराशेवर आणायचं म्हणजे आत जाणारी हवा मंदावते, मिश्रण धड पेटत नाही, अर्धवट जळालेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडतं आणि उत्सर्जनाचे नियम आडवे येतात. घोडं पेंड खातं ते इथे. दुसरीकडे निसानची आर३५ जीटी-आर २००७ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत बनत राहिली आणि तिच्या वारसाची बातमी वर्षानुवर्षं येत राहिली. त्या वारसाच्या ताकदीवरून भांडणारे दोन गट आहेत, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

वेगाच्या दाव्यांना गणिताने पकडता येतं, म्हणून ते मला सगळ्यांत प्रिय. इंजिनाचे फेरे गुणिले टायरचा परीघ, भागिले गिअरचं एकूण गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे. आठ हजार फेरे, २.१ मीटर परीघ, गुणोत्तर २ असेल तर मिनिटाला ८,४०० मीटर, म्हणजे ताशी ५०४ किलोमीटर. गिअर एवढंच देत असेल तर त्याच्या वर कुणीही जात नाही, वाऱ्याचा पाठिंबा असला तरी. ऑक्टोबर २०२० मध्ये एसएससी कंपनीच्या टुआटारा गाडीने नेवाडाच्या रस्त्यावर सरासरी ५०८.७३ चा दावा केला. त्याच रस्त्यावर २०१७ साली कोनिगसेग अगेरा आरएस ४४७.१९ ने धावली होती. लोकांनी दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या, रस्त्याकडेच्या खुणांमधलं अंतर मोजलं, वेळ लावली, आणि हिशेब जुळेना. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा धावली तेव्हा सरासरी ४५५ च्या घरात निघाली, आणि पुढे आधीचा वेग गाठला नव्हता हे कंपनीनेच मान्य केलं. ज्यांनी हे पकडलं त्यांतल्या किती जणांकडे चारचाकी होती हे विचारू नये.

दुसरी कसोटी ताकदीची. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त. बुगाटी व्हेरॉन १,००१ अश्वशक्तीत ४०७ ला गेली. त्याच अंगाने ४९० गाठायचे तर साडेसतराशे लागल्या असत्या. २०१९ साली बुगाटीच्याच शिरॉनने १,६०० त ४९०.४८ गाठले, कारण तिची शेपटी लांबवून हवेचा रोध कमी केला होता. हिशेब जुळला की मला झोप छान लागते.

आता किंमत. माझा एक तक्ता आहे. त्याचा शेवटचा रकाना: दर एक लाख डॉलर किंवा युरोमागे किती अश्वशक्ती. दिसायला साधा भागाकार. पण आधी घोडा कुठला ते ठरवावं लागतं. युरोपचा घोडा ७३५.५ वॉटचा, अमेरिकेचा ७४५.७ चा. व्हेरॉनचे १,००१ घोडे युरोपातून निघाले आणि अमेरिकेत उतरले ९८७. चौदा घोडे अटलांटिकमध्ये बुडाले.

मग वजन. काही कंपन्या 'सुकं' वजन छापतात, म्हणजे तेल, पाणी, पेट्रोल काढून. थोडक्यात, गाडी चालू शकत नसतानाचं वजन. शिवाय ते हलके जादा भाग बसवून मोजलेलं असतं, ज्यांचे पैसे छापील किमतीत नसतात. युरोपीय पद्धतीत उलट टाकी नव्वद टक्के भरतात आणि आत पंचाहत्तर किलोंचा चालकही धरतात. एका गाडीच्या सुक्या वजनाची दुसरीच्या ओल्या वजनाशी तुलना करून "बघ, दोनशे किलोंचा फरक" म्हणणाऱ्यांशी माझा वाद कायमचा चालू आहे.

प्रवेगाचीही तीच गत. अमेरिकेत शून्य ते साठ मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नव्हे. त्यातून बरेचदा गाडी पहिला फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. पाव सेकंद तिथेच खिशात. मग युरोपातली गाडी पूर्ण शंभरपर्यंत, उभ्या जागेवरून मोजलेली, हरली म्हणून बोंब होते.

एवढं सगळं सरळ करून २०२० ची कॉर्व्हेट तक्त्यात घातली. ५९,९९५ डॉलर, ४९० अश्वशक्ती. लाखामागे ८१७. बढाया मारल्या गेल्या त्या मात्र ४९५ अश्वशक्तीच्या आणि शून्य ते साठ मैलांच्या २.९ सेकंदांच्या. त्या पाच अश्वशक्ती वेगळ्या एक्झॉस्टच्या, आणि ते सेकंद ५,००० डॉलरचं झेड५१ पॅकेज घेणाऱ्याचे. म्हणजे सगळ्यांनी सांगितली ती किंमत एका गाडीची आणि कामगिरी दुसरीची. चांदणी म्हणतो ती हीच.

वर जाऊ तसा रकाना कोसळत जातो. २०२५ ची पोर्शे ९११ कॅरेरा, १,२०,१०० डॉलर, ३८८ अश्वशक्ती: ३२३. पोर्शे ९१८ स्पायडर, ८,४५,००० डॉलर, ८८७: १०५. बुगाटी शिरॉन, २४ लाख युरो, १,५००: ६२.५. तिच्यानंतरची टूर्बियाँ, ३८ लाख युरो, १,८००: ४७. फेरारी एफ८०, ३६ लाख युरो, १,२००: ३३. म्हणजे एफ८० चा एकेक घोडा बरोबर ३,००० युरोंना पडला, आणि इंजिन तर सहाच सिलिंडरचं, व्ही-६. या वाक्यानंतर बारा सिलिंडरच्या व्ही-१२ चे भक्त खवळतात. तक्त्यात हरणारा माणूस लगेच रकाना बदलतो. अश्वशक्तीत हरला तर लॅपटाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ, लॅपटाइममध्ये हरला तर आवाज, आवाजात हरला तर "पुढे विकताना बघ किती येतात ते".

चलन वेगळं ठेवलंय, कारण बदलून लिहिलं की दर आठवड्याला विजेता बदलतो. कराचं काय करावं हे मात्र अजून सुटलेलं नाही. टूर्बियाँचे ३८ लाख कर वगळून आहेत. जर्मनीत १९ टक्के धरले तर नुसता करच ७,२२,००० युरो. अमेरिकी आकड्यात विक्रीकर नसतो, कधी वाहतूक खर्च धरलेला असतो आणि कधी नसतो, आणि जादा पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा कर वेगळा.

जादा पॅकेजांबद्दल न बोललेलं बरं, पण एक सांगतोच. ९१८ चं वाइझाख पॅकेज ८४,००० डॉलरचं होतं. त्यात मॅग्नेशियमची चाकं मिळायची आणि गाडी साधारण चाळीस किलोंनी हलकी व्हायची. कमी माल घेण्याचे किलोमागे दोन हजार डॉलर! ही एक खरेदी अशी आहे, जिथे गिऱ्हाईक वजनात मारलं गेल्याबद्दल आभार मानतं.

आणि हे सगळं कुणासाठी? गाडी जाहीर होते त्या दिवशी बहुधा विकून संपलेली असते. लाफेरारीसाठी कंपनीच गिऱ्हाईक निवडायची. फोर्डने २०१६ साली जीटीसाठी अर्ज मागवले, तेव्हा पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले, आणि ज्यांना मिळाली त्यांच्याकडून दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं. विकत घ्यायला अर्ज आणि विकायला बंदी. किंमत बिचारी मधल्या मध्ये.

अलीकडे काही कंपन्यांनी चांदणीचाही खर्च वाचवला आहे. किमतीच्या जागी लिहितात, "विचारणा केल्यास कळवू." कळवतात कुणाला ते वर आलंच. मी रकाना रिकामा सोडून पाहिला. पण एक्सेल रिकाम्या जागेला शून्य धरतं, शून्याने भागायला नकार देतं, आणि एका गाडीपायी खालची सगळी क्रमवारी कोलमडते. तेव्हा तेवढ्या ओळींत मी अफवेतला आकडा भरतो. तो निदान कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेला असतो.