शांत रात्र कबूल केली आणि दिली नाही: आमच्या जैसलमेर रोड ट्रिपच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू परवा रात्री ऑफिस बंद करताना वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी ड्रायव्हरशी, गाडीबरोबर असलेल्या आमच्या मुलाशी आणि कॅम्पवाल्याशी बोलायचं होतं. तिघांशी बोललो. एक गोष्ट सोडली तर तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं माझ्याच अंगावर येतं.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात लिहितो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही चौघं, म्हणजे तुम्ही, साहेब, मुलगा आणि सासूबाई, आमच्याबरोबर दादरहून निघालात. पत्रकात खुरीचा कॅम्प होता, नेलं समला. शेजारी मध्यरात्र उलटेपर्यंत डीजे. थंडीने सासूबाईंना रात्रभर झोप नाही. उंटाची सफर पंधरा मिनिटांची. जीपवाल्याने वरचे पैसे मागितले आणि वाळूच्या टेकड्यांवर जीप चढवलीही नाही. जेवणात वाळक्या काड्यांची भाजी. आणि वाटेत एका मोटरसायकलीच्या देवळात आणि एका पडक्या गावात अर्धा दिवस फुकट गेला.

आधी कॅम्पचं. खुरी जैसलमेरच्या नैऋत्येला आहे. गावाला लागूनच वाळूच्या टेकड्या, कॅम्प मोजके. रात्री दिवे मालवले की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. बुकिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे समोर बसवून सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, ‘‘तारे दिसतील ना हो नक्की? गिरगावात चाळीच्या गच्चीवरून दिसायचे, आता काही दिसत नाहीत.’’ मी म्हटलं होतं, ‘‘आई, नक्की दिसतील.’’

तुम्ही पोहोचायच्या आदल्या दुपारी खुरीवाल्याचा फोन आला की आपले तंबू दुसऱ्या ग्रुपला गेले. आमच्या मुलाने धावपळ करून समला जागा मिळवली आणि मला विचारलं. मी म्हटलं, घे. वाळू इथेही आहे, तिथेही आहे, असा विचार केला. तुम्हाला त्याच वेळी फोन करून सांगायला हवं होतं: खुरी मिळत नाहीये, समला गर्दी आणि गोंगाट असेल, नको असेल तर जैसलमेरात हॉटेलवर राहा, संध्याकाळी वाळूवर नेऊन आणतो. निवड तुमची होती. ती मी परस्पर केली.

सम जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवर. रस्त्याच्या कडेने कॅम्पला लागून कॅम्प, आणि वर्षाचा शेवटचा आठवडा. कालबेलियांचा, म्हणजे तिकडच्या गारुड्यांच्या जमातीचा, नाच तुम्हाला आवडला असं तुम्हीच लिहिलंय. तो आहेच तसा. २०१० साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण तो कार्यक्रम साडेनऊला संपला आणि शेजारच्या कॅम्पात डीजे लागला तो पाऊण वाजता थांबला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम देशभर आहे, २००० सालापासून. आमचा मुलगा दोनदा जाऊन हात जोडून आला. त्याने तुमची झोप काही परत येत नाही.

त्या आवाजाचा मला आणखी एक त्रास आहे, तो इथे सांगतोच. त्याच भागात डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोकाचं घर. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच पक्षी. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. जगात आता दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तिथे माणसं नेऊन पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने रात्रीच्या गोंगाटात भर घालू नये, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

थंडीचं. आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे दिवसाची ऊब रात्रभर टिकते. तिकडे हवा कोरडी, आभाळ निरभ्र. वाळू जशी पटकन तापते तशीच पटकन निवते. दुपारी तुम्ही स्वेटर कमरेला बांधून फिरत होतात आणि पहाटे आमच्या मुलाच्या मोबाइलवर ६ अंश दिसत होते. हे मला माहीत आहे, दरवर्षी बघतो. मग मुंबईहून आलेल्या सत्तरीच्या आईंना एका रजईवर कसं झोपवलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पत्रकात ‘गरम कपडे आणावेत’ अशी एक ओळ आहे. ती पुरेशी नाही. आता माणशी दोन रजया आणि साठीच्या पुढच्यांना गरम पाण्याची पिशवी आम्ही इथूनच गाडीत घालून नेणार, कॅम्पवाल्यावर सोडणार नाही.

उंटाची सफर पंधरा मिनिटांची असते हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं, आता लिहिलंय. जीपवाल्याने माणशी ३०० रुपये वर घेतले, ते त्याने घ्यायला नको होते, परत करतोय.

पण जीप टेकड्यांवर चढवली नाही, तिथे मी माझ्या माणसाच्या बाजूने उभा आहे. हीच ती एक गोष्ट. त्या जीप मागून उघड्या असतात. सीट काढून लोखंडी दांडा बसवलेला, तो धरून उभं राहायचं. जीप टेकडीच्या माथ्यावरून खाली झेप घेते तेव्हा पाय जागेवर राहत नाहीत, सगळा भार मनगटांवर येतो. आईंच्या कमरेला पट्टा होता, दहा-बारा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पुढच्या वेळीही आम्ही नाहीच म्हणणार, त्यासाठी कुणी तारे कापले तरी.

आता ‘फुकट गेलेला अर्धा दिवस’. यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण ही ठिकाणं मी जागा भरायला टाकलेली नाहीत.

पाली आणि जोधपूरच्या मध्ये रस्त्याला लागून ओम बन्नांचं देऊळ आहे. काचेच्या पेटीत रॉयल एनफील्ड बुलेट, नंबर आरएनजे ७७७३, हारांनी झाकलेली. ओम बन्ना म्हणजे ओमसिंह राठोड, ते त्याच जागी ही गाडी झाडावर आदळून गेले. पोलिसांनी बुलेट ठाण्यात नेली तर सकाळी ती पुन्हा अपघाताच्या जागी; पेट्रोल काढून साखळीने बांधली तरी परत तिथेच, असं लोक सांगतात. ते खरं मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आमचा ड्रायव्हर तिथे कसा थांबतो ते बघितलंत का? चपला काढतो, मिनिटभर डोळे मिटून उभा राहतो, लाल दोरा घेऊन स्टिअरिंगला बांधतो आणि मग टायरभोवती एक फेरी मारून हवा बघतो. आपल्या जुन्या पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून ओळखलं जातं. तिथे आपले ट्रकवाले, एसटीवाले नाणं टाकून पुढे जायचे, अजूनही कित्येक जण जातात. ही तीच गोष्ट आहे, फक्त हजार किलोमीटर लांबची. रस्त्यावर पोट असलेल्या माणसाला रस्त्याची भीती असते, आणि ती भीती असलेला ड्रायव्हर मला हवा असतो. पालनपूरहून पहाटे निघालेल्या त्याला तिथे पाऊण तास पाठ टेकायला मिळते हे दुसरं कारण. हा थांबा राहील.

कुलधराबाबत, म्हणजे त्या पडक्या गावाबाबत, मात्र अर्धी चूक आमची. आमच्या रीलमध्ये त्याला ‘भुताचं गाव’ म्हटलंय. तुमचा मुलगा भूत बघायला आला आणि त्याला दगड दिसले. त्याची निराशा रास्त आहे. ती रील काल काढली. पण ते गाव दाखवायचं थांबवणार नाही. तिथे पालीवाल ब्राह्मण शेकडो वर्षं राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाव ओस पडलं. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली ही लोककथा. अभ्यासक पाणी आटत गेलं हेही कारण सांगतात.

मला त्यातलं पाणी महत्त्वाचं वाटतं. जैसलमेरला वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे आपण त्या दिवशी ज्यात गळ्यापर्यंत बुडालो, तो त्यांचा चार-पाच वर्षांचा पाऊस. तेवढ्या पाण्यावर हे लोक गहू पिकवायचे. उताराच्या पायथ्याशी मातीचा बांध घालायचे, खडकाळ माळावरून वाहून आलेलं पाणी अडवून जमिनीत मुरवायचे आणि त्या ओलीवर रब्बी काढायचे. त्याला खडीन म्हणतात, जैसलमेरकडे आजही वापरात आहेत. हे तुम्हाला तिथे उभं करून कुणी सांगायला हवं होतं, पण आमच्या मुलाने फोटोला वीस मिनिटं दिली आणि गाडीत बसवलं. यापुढे जैसलमेरचा स्थानिक गाइड बरोबर असेल, त्याचे पैसे आमच्याकडे.

आणि ती वाळक्या काड्यांची भाजी म्हणजे केर-सांगरी. केर हे तिकडच्या काटेरी झुडपाचं छोटं फळ, सांगरी ही खेजडीची शेंग, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. वाळवून ठेवतात, भिजवून तेलात परततात. न आवडणं समजू शकतो. आता त्याबरोबर बटाट्याची भाजीही ठेवायला सांगितलंय.

हिशोब. कॅम्पच्या रात्रीचे चौघांचे ९,६०० रुपये आणि जीपचे १,२०० असे १०,८०० रुपये आज सकाळी तुम्ही ज्या खात्यावरून पैसे भरले होते त्यावर परत पाठवलेत. रिव्ह्यू मात्र काढू नका आणि तारेही वाढवू नका. पुढचा माणूस बुकिंग करण्याआधी तो वाचू दे. सासूबाईंचा तपकिरी मफलर गाडीच्या मागच्या सीटवर सापडला, धुऊन ठेवलाय. शनिवारी आमचा मुलगा घरी आणून देईल.

फेब्रुवारीच्या ग्रुपला काल फोन केले. खुरीचे तंबू मिळाले नाहीत तर रात्र जैसलमेरात हॉटेलवर, समला मुक्काम नाही, असं सगळ्यांना सांगितलं. दोन कुटुंबांना फक्त तंबूतच राहायचं होतं. त्यांचे पैसे परत केले.