ग्रीक कथांत मूर्खपणा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला

ग्रीक पुराणकथांचं सार सांगणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. इकारस वडिलांचं न ऐकता मेणाने जोडलेल्या पंखांनी सूर्याजवळ उडाला, मेण वितळलं आणि तो समुद्रात बुडून मेला. पँडोराला उत्सुकता आवरली नाही, तिने पेटी उघडली आणि जगात संकटं पसरली. हात लावीन ते सोनं होवो, असा वर मागणाऱ्या राजा मिडासच्या हावेपायी त्याची मुलगी सोन्याची झाली. ओडिसियसने डोकं चालवलं, म्हणून ट्रॉयच्या युद्धानंतर घरी पोचला. तात्पर्य काय, तर करावे तसे भरावे. मूर्खपणाची शिक्षा मूर्खालाच होते.

मूळ काव्यं उघडली की हे तात्पर्य टिकत नाही. आणि मुलांना या कथा अशा छाटून सांगितल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इकारसपासून सुरुवात करू. पोराने चूक केली, हे खरंच. पण तो क्रीट बेटावर का अडकला? तिथल्या राजा मिनोसने समुद्रदेव पोसायडनकडे बैल मागितला आणि त्याचाच बळी देईन असं वचन दिलं. बैल इतका देखणा निघाला की मिनोसने तो ठेवून घेतला. देवाने सूड घेतला तो राणीवर: तिला त्या बैलाचाच ध्यास लागला. इकारसचा बाप, कारागीर डेडलस, याने तिला लाकडी गाय बनवून दिली, अर्धा माणूस-अर्धा बैल असा मिनोटॉर जन्मला, त्याला कोंडायला डेडलसनेच चक्रव्यूह बांधला आणि त्यात अथेन्सचे 7 मुलगे आणि 7 मुली बळी म्हणून जाऊ लागल्या. वचन मोडलं मिनोसने. भोगलं राणीने, अथेन्सच्या पोरांनी आणि शेवटी बापासोबत डांबलेल्या इकारसने. रोमन कवी ओव्हिड तर आणखी पुढे जातो. डेडलस मुलाला पुरत असताना एक तित्तीर पक्षी आनंदाने पंख फडफडवतो, असं तो सांगतो. तो पक्षी म्हणजे डेडलसचा बारा वर्षांचा भाचा. त्याच्या हुशारीचा हेवा वाटून मामाने त्याला अथेन्सच्या गडावरून ढकललं होतं. देवी अथीनाने त्याला वरच्यावर झेलून पक्षी केलं. म्हणजे ओव्हिडने मुलाचा मृत्यू बापाच्या गुन्ह्याशेजारी मुद्दाम मांडला आहे. मजकुरात मात्र उरतो फक्त न ऐकणारा मुलगा.

पँडोराची उत्सुकता ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात नाहीच. इ.स.पू. 700च्या सुमाराच्या या कवीने तिला ‘उघडू नकोस’ असं कुणी बजावल्याचंही लिहिलेलं नाही. प्रोमिथियसने माणसांसाठी अग्नी चोरला म्हणून चिडलेल्या देवांच्या राजाने, झ्यूसने, माणसांवर सूड उगवायला तिला घडवून पाठवलं. झ्यूसकडून कसलीही भेट घेऊ नकोस, असं प्रोमिथियसने भावाला, एपिमिथियसला, बजावलं होतं. त्याने पँडोराला भेट म्हणून स्वीकारलं, आणि संकट पदरात पडल्यावर त्याला ते आठवलं. कथेतला मूर्ख शोधायचाच असेल, तर तो हा. पण नाव बदनाम झालं ते पँडोराचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मिडासची सोन्याची मुलगी प्राचीन कथेत नाही. ती 19व्या शतकात अमेरिकन लेखक नथानिएल हॉथॉर्नने घातली. ओव्हिडच्या मिडासचं खाणंपिणंही सोनं होतं, त्याला भूक-तहान छळते, तो माफी मागतो, देव त्याला पॅक्टोलस नदीत अंघोळ करायला सांगतो आणि प्रकरण मिटतं. शहाणपण येत नाहीच. पुढे तो संगीताचा देव अपोलोपेक्षा रानदेव पॅनचं संगीत सरस ठरवतो आणि गाढवाचे कान मिळवतो.

आता ओडिसियस. मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: ओडिसियसच्या परतीची कथा सांगणाऱ्या होमरच्या ‘ओडिसी’च्या सुरुवातीलाच झ्यूस म्हणतो की माणसं स्वतःच्या मूर्खपणाने दुःख ओढवून घेतात आणि दोष देवांना देतात. उदाहरण राजा अ‍ॅगमेम्नॉनचा खून करणाऱ्या एजिस्थसचं, देवांचा निरोप्या हर्मिसने आधी बजावूनही त्याने ऐकलं नाही आणि तो मारला गेला. तिथे ‘करावे तसे भरावे’ चपखल बसतं. पण ओडिसियसला ते लावून पाहा. एकडोळ्या राक्षस पॉलिफेमसला आंधळा करून त्याच्या तावडीतून सुटल्यावर साथीदार गप्प राहा म्हणून विनवत असतात. हा जहाजावरून ओरडून स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं सांगतो. नाव कळल्यावर पॉलिफेमस आपल्या बापाला, पोसायडनला, साकडं घालतो: हा घरी पोचू नये, आणि पोचलाच तर सगळे सोबती गमावून, उशिरा पोचावा. तसंच घडतं. होमर म्हणतो की साथीदार सूर्याची गुरं खाल्ल्यामुळे मेले. पण 12 जहाजांपैकी 11 त्याआधीच लेस्ट्रिगोनियन राक्षसांनी फोडली होती. त्यांवरच्या माणसांनी ती गुरं डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती.

ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ची सुरुवातही अशीच. ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा अ‍ॅगमेम्नॉन अपोलोच्या पुजाऱ्याला अपमान करून हाकलतो आणि अपोलोचे बाण नऊ दिवस सैन्यावर पडतात; आधी खेचरं आणि कुत्री, मग माणसं. राजाला काहीही होत नाही. रोमन कवी होरेसने याच महाकाव्याबद्दल लिहिलं: राजे वेडेपणा करतात, मार खातात ग्रीक सैनिक.

हाच अ‍ॅगमेम्नॉन 19व्या सर्गात म्हणतो की मला आटेने झपाटलं. आटे म्हणजे बुद्धी फिरवणारी देवता, झ्यूसची थोरली लेक. तिने खुद्द झ्यूसलाही फसवलं होतं. आज माझ्या वंशात जन्मेल तो सगळ्यांवर राज्य करील, अशी बढाई मारून तो शपथ घेऊन बसला. त्याच्या मनात होता आपला मुलगा हेराक्लिस; पण झ्यूसच्या बायकोने, हेराने, हेराक्लिसचा जन्म लांबवला आणि युरिस्थियसला आधी जन्माला आणलं. झ्यूसने संतापून आटेला केसांना धरून स्वर्गातून खाली भिरकावलं, पण शपथ मोडता येईना. युरिस्थियसची हलकी कामं करत राबला तो हेराक्लिस.